कविता कानानें ओळखावी



हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें गांव आहे. नामदेव महाराजांचें (इ. स. १२७० ते १३५०) मूळ गांव म्हणून परंपरा त्याच गांवाकडे बोट दाखविते, आणि लोकही त्यास 'नरसी नामदेव' असेंच म्हणतात. याच जिल्ह्यांत औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंग आहे. तेथें विसोबा खेचरांनीं नामदेवांस उपदेश केला, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. परंतु विसोबांचें नांव गाथेंत एका वेगळ्याच संदर्भांतही येतें, तें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. नामदेवांच्या नांवावर असलेल्या एका अभंगांत, अभंग कसा मोजावा हेंच सांगितलें आहे! पहिल्या चरणापासून तिसऱ्यापर्यंत १८ अक्षरें, आणि शेवटपर्यंत २२, असा चोख हिशेब तेथें दिला आहे. आणि हरीनें स्वप्न दिलें व खेचरांची आज्ञा झाली, असा त्याचा शेवट आहे. भक्तीच्या पुरांतही ज्यानें अक्षरें मोजावयाचें सोडलें नाहीं, त्याच्या जिल्ह्यांतील मनुष्यानें पद्यरचनेविषयीं चार शब्द बोलावे, यांत कांहीं नवल नाहीं.

माझें सारें आयुष्य शाळेंत मराठी शिकविण्यांत गेलें. 'हा अभंग कशावरून?' असें विचारलें कीं बहुतेक विद्यार्थी 'शेवटीं कवीचें नांव आहे म्हणून' असें उत्तर देत. घरांतल्या वडील माणसांचा समजही फारसा निराळा नसतो; देवाचें नांव दिसलें कीं अभंग, शृंगार दिसला कीं लावणी! नाममुद्रेवरून कवि ओळखतां येतो, रचना नव्हे. विषयावरून तर मुळींच नव्हे. बा. सी. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' हा संग्रह १९४७ सालीं निघाला. त्यांत यंत्रयुगांतील शहराचें दुःख अभंगाच्या व ओवीच्या घाटांत उतरलेलें आहे. घाट संतांचा, मजकूर गिरणीचा.

मग खूण कोणती? अक्षरें मोजावीं आणि यमक कोठें जुळतें तें ऐकावें. पुस्तकांतील उतारे घेण्यापेक्षां मी घरचींच ओबडधोबड उदाहरणें देतों. त्यांत काव्य नसलें तरी माप पुरें आहे.

कयाधूच्या कांठीं । उभें माझें गांव ।
ओठीं तुझें नांव । राहो देवा ॥

सहा, सहा, सहा आणि चार; एकूण २२. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटीं : गांव, नांव. हा मोठा अभंग. येथें ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाहीं. जोडाक्षर एकच धरावयाचें. 'कयाधूच्या कांठीं' या ठिकाणीं कोणी 'कयाधूच्या कांठावर' असें लिहिलें तर अक्षरें आठ होतात, आणि टाळ वाजविणाऱ्याचा हात जागच्या जागीं अडखळतो. जुन्या वह्यांतून उतरतांना झालेल्या चुका पुष्कळदां याच रीतीनें उघड्या पडतात. माप हा कवीचा अलंकार तर आहेच, पण तो मजकुराचा पहारेकरीही आहे.

दुसरा प्रकार लहान अभंगाचा :

दाणे टाकले शेतांत । मोतीं आले कणसांत ॥

आठ आणि आठ, दोन्हींच्या शेवटीं यमक. झालें.

ओवीची गोष्ट याहून मोकळी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं पूर्ण झाली; तिच्या ओवीचे चरण साडेतीन मानतात. पहिल्या तीन चरणांस यमक असतें, अक्षरसंख्या मात्र कमीजास्त होते, आणि चौथा चरण आंखूड राहतो.

जात्यावर हात ठेविला । माहेराचा पंथ आठविला ।
पहाटेचा तारा मावळला । पीठ सांडे ॥

तिन्ही चरण कान पुढें पुढें नेतात, आणि चौथा एकदम खालीं टेकतो. हें टेकणें ऐकूं आलें कीं ती ओवी. ग्रंथांतील ही ओवी आणि जात्यावर बायका गातात ती ओवी यांचें नातें जवळचें असलें तरी त्या एक नव्हेत. जात्यावरची ओवी गळ्यावर चालते. तिची अक्षरें ओढून लांब करतां येतात, आणि 'बाई', 'गं' हे शब्द ताल भरून काढण्यासाठीं येतात. तिला ग्रंथाची फूटपट्टी लावूं नये.

आतां वृत्तांकडे येऊं. येथें केवळ संख्या पुरत नाहीं, अक्षर लघु कीं गुरु हें पाहावें लागतें. ऱ्हस्व तें लघु, दीर्घ तें गुरु; आणि पुढें जोडाक्षराचा आघात आला कीं ऱ्हस्वही गुरु होतें. 'पुस्तक' या शब्दांतील पु गुरु आहे. परंतु 'तुझ्या' यांतील तु लघुच, कारण तेथें आघात बसत नाहीं. नियम पाठ असून मुलें येथेंच फसतात. उच्चार करून पाहिला असता तर फसलीं नसतीं. तीन तीन अक्षरांचा एक गण, असे आठ गण. त्यांची किल्ली 'यमाताराजभानसलगम्' ही. य गण पाहिजे तर य पासून तीन अक्षरें घ्या : य-मा-ता, म्हणजे लघु, गुरु, गुरु. असे चार य गण ओळीनें आले कीं भुजंगप्रयात झालें :

निळे मेघ आले कयाधूंत पाणी

बारा अक्षरें, आणि चाल सर्पासारखी. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि ते याच वृत्तांत आहेत. घरांत तिन्हीसांजेला ते म्हणणाऱ्या पोराला गण ठाऊक नसतो, पण ठेका बिनचूक येतो. कान हा डोळ्याच्या आधीं शिकतो तो असा.

मोरोपंतांची (१७२९ ते १७९४) आर्या मात्रांवर चालते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. गंमत अशी कीं, आपण जिला पंतांची आर्या म्हणतों ती बहुधा गीति असते. आर्येंत १२, १८, १२ आणि १५ मात्रा. गीतींत शेवटींही १८. ज्यास या हिशेबांत गोडी वाटेल त्यानें माधव जूलियनांची 'छंदोरचना' पाहावी. अक्षरसंख्येचा छंद, मात्रांची जाति, लघुगुरूंच्या ठराविक क्रमाचें वृत्त, हा भेद तींत सविस्तर मांडला आहे.

बाहेरून आलेले घाट दोन. सुनीत इटलीहून इंग्लंडमार्गें आलें : १४ ओळी, आणि उत्तरार्धांत विचाराला मिळणारी कलाटणी. केशवसुतांनीं १८९२ सालीं 'मयूरासन आणि ताजमहाल' ही अशी कविता लिहिली. ते या प्रकारास चतुर्दशक म्हणत. कलाटणी नसेल तर चौदा ओळी भरूनही सुनीत होत नाहीं, असें माझें मत आहे. दुसरा घाट गझलेचा, फारशीकडून आलेला. 'दारीं ऊन आलें', 'पारीं ऊन आलें' अशा ओळी घ्या. 'ऊन आलें' हें पालुपद म्हणजे रदीफ. त्याच्या आधींचें 'दारीं', 'पारीं' हें यमक म्हणजे काफिया. दोन ओळींचा एक शेर, आणि प्रत्येक शेर आपल्या पायांवर उभा. 'गज्जलांजलि' १९३३ सालीं निघाली. पुढें सुरेश भटांनीं (१९३२ ते २००३) हा प्रकार घरोघर नेला.

अलंकारांचीं लांबलचक यादी मी देत नाहीं. एकच उन्हाळ्यांतील कोरडी कयाधू घेऊं. 'नदीचें पात्र वाळत घातलेल्या धोतरासारखें दिसतें' ही उपमा. दोन वस्तु वेगळ्या आहेत हें मान्य करून साम्य सांगितलें. 'पात्र जणूं वाळत घातलेलें धोतरच' ही उत्प्रेक्षा. येथें कवि कल्पनेनें तसें मानूं लागला. 'पात्राचें धोतर गांवानें पसरलें' हें रूपक. दोहोंतील भेदच उरला नाहीं. 'हें पात्र नव्हेच, धोतर आहे' असें म्हणून खरी वस्तु नाकारली कीं अपन्हुति. धोतर काव्यांत शोभत नाहीं असें कोणास वाटेल. पण चार अलंकार त्या एकाच धोतरांत बांधले गेले, हें कांहीं थोडें नव्हे! आतां 'कयाधू पात्र घेऊन बसली आहे, आणि तें रिकामें आहे' असें म्हणा. पात्र म्हणजे नदीचें पात्र आणि भिक्षेचेंही, हा श्लेष. शिवाय नदी माणसासारखी बसली, ही चेतनगुणोक्ति. 'सारखें' दिसलें कीं उपमा आणि 'जणूं' दिसलें कीं उत्प्रेक्षा असें आंधळेपणानें ठरवूं नये. कवीच्या मनांत काय चाललें आहे तें पाहावें.

घाट बदलला तरी कवि तोच राहतो, याचा दाखला पुन्हां नामदेवांचाच. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. तेथें अभंगाचें माप नाहीं. रागांप्रमाणें लावलेलीं, मधें ध्रुवपद असलेलीं हिंदी वळणाचीं पदें आहेत. ज्या देशीं गेला तेथल्या गळ्याचें माप त्यानें घेतलें.

आपल्या घरीं कोणी म्हातारी आजी, आत्या असेल तर तिच्या ओव्या आतांच लिहून घ्याव्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातें कोपऱ्यांत गेलें. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तरी प्रत्येक घरांत त्यांचे लोक थोडेच पोंचले? लिहितांना शुद्धलेखन सुधारूं नये, 'गं' व 'बाई' गाळूं नयेत, आणि जेथें तिचा श्वास थांबतो तेथेंच ओळ तोडावी. नुसतें 'सांगा' म्हटल्यानें तिला चार ओव्यांपुढें आठवणार नाहीं. जातें असेल तर तिच्यापुढें ठेवावें, मूठभर ज्वारी घालावी आणि खुंटा तिच्या हातीं द्यावा. जातें फिरूं लागलें कीं पुढची ओळ आपोआप येते.