ताई, सोडायचं काय तेवढं सांगा

वणीत माझी माती, पाणी आणि द्राक्षाचे देठ तपासण्याची प्रयोगशाळा आहे. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचा हा दिंडोरी तालुक्याचा पट्टा द्राक्षाचा आणि टोमॅटोचा, त्यामुळे येणारे बहुतेक सगळे बागायतदारच. मोजमाप यंत्रं करतात. कस लागतो तो नंतर, सापडलेलं समोरच्याच्या गळी उतरवताना.

नेहमीचा अहवाल म्हणजे एक तक्ता. सामू 8.3, मुक्त चुना 12 टक्के, लोह 5 पीपीएम, खाली सही-शिक्का. बागायतदार कागद वरून खाली बघतो आणि म्हणतो, ‘‘ताई, ठिबकमधून सोडायचं काय तेवढं सांगा.’’ काही तज्ज्ञांना यात अडाणीपणा दिसतो. मला हा प्रश्न पूर्ण रास्त वाटतो. पैसे त्याने मोजलेत, आणि उद्या सकाळी टाकीत काय ओतायचं हे त्यालाच ठरवायचं आहे.

वरचाच तक्ता घ्या. लोह 4.5 पीपीएमच्या वर असलं की रकान्यात ‘पुरेसे’ असं छापून येतं. बागेत मात्र शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आकडा खरा आहे, पण चुनखडीच्या जमिनीत सामू चढा असल्यामुळे ते लोह मुळांना उचलता येत नाही. नुसतं ‘पुरेसे’ वाचून घरी गेलेला माणूस फसतो. म्हणून माझ्या अहवालाची पहिली ओळ निर्णयाची असते: ‘जमिनीतून नुसतं फेरस सल्फेट देऊन पैसे घालवू नका, फवारणीतून लोह द्या, जमिनीतून द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेट वापरा.’ त्याखाली कारण, आणि तक्ता सगळ्यात शेवटी.

एककांचाही असाच घोळ. प्रयोगशाळा हेक्टरात बोलते, शिवार एकरात. उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या खाली गेलं की ‘कमी’ धरतात, म्हणजे एकरी साधारण 113 किलो. हा भागाकार बागायतदाराच्या डोक्यावर का टाकायचा? तो आम्हीच करून द्यायला हवा.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते अहवालाची हद्द सांगताना. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. पत्रिकेवर बारा घटक असतात, पण बागायती क्षेत्रात नमुना अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक घ्यायचा असा तिचा नियम. त्या चौकटीत तिघांची शेतं असली तर तिघांना आकडे तेच. देठाचंही तसंच. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी पाचव्या पानाचा देठ घेतात, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. प्रमाण आकडे त्याच पानासाठी ठरवलेले आहेत, भलत्याच पानाला ते लावता येत नाहीत. म्हणून कोणता प्लॉट, कोणतं पान, कोणता दिवस हे मी ठळक अक्षरांत लिहिते.

गटासमोर बोलायचं असेल तेव्हा पडदा आणि आलेख मी मागे ठेवते. बांधावर जाऊन मातीचं ढेकूळ हातात घ्यायचं आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडायचे. चुना असेल तर ढेकूळ फसफसतं. मग माणसं आपापल्या प्लॉटची माती आणायला धावतात, आणि पिवळ्या पानांचा विषय तिथेच मिटतो. आलेखाने इतकं काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

आकडा न समजण्याची किंमत नाशिकच्या बागायतदाराने 2010 मध्ये मोजली. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे शिवारात ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात त्या संजीवकाचा अंश सापडला आणि युरोपात आपली द्राक्षं अडली. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. हे नुसतं वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. एक हजार टन द्राक्षांत मिळून 50 ग्रॅम, असं सांगितलं की ऐकणारा सावरून बसतो. त्या हंगामानंतर उर्वरित अंशाचे अहवाल लोक नीट वाचू लागले. पण शिकायला एवढं नुकसान व्हावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही मातीचा अहवाल घ्या, पाण्याचा घ्या, नाहीतर घरच्या माणसाच्या रक्ताचा घ्या. कागद हातात पडला की लगेच उठू नका. यावरून उद्या मी काय करायचं, आणि हा कागद काय सांगू शकत नाही, हे दोन्ही समोरच्याला विचारा. उत्तर समजेपर्यंत खुर्ची सोडू नका. त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत.