आलेला मजकूर आणि यंत्राची आज्ञा

मोंढ्यात हळदीचे पोते आले म्हणजे खरेदीदार त्यातला मूठभर माल हातावर घेऊन पाहिल्याखेरीज बोली बोलत नाही. त्यात शेतकऱ्याचा अपमान नसतो. तो व्यवहाराचा रिवाज आहे. संगणकाच्या आज्ञावलीनेही बाहेरून आलेल्या मजकुराशी असेच वागावे. उदाहरणादाखल पायथॉन ही भाषा घेऊ.

समजा, हळदीच्या नोंदणीचा अर्ज आहे. पहिला रकाना वजनाचा. पायथॉनमध्ये 'इव्हॅल' नावाची एक सोय आहे. ती आलेल्या मजकुराला आज्ञाच मानते. वजनाऐवजी कोणी 'फायली पुसून टाक' अशा अर्थाची आज्ञा लिहिली, तर तीही निमूटपणे पाळली जाईल! म्हणून तेथे 'इंट' वापरावे. ते पूर्णांक तेवढा घेते, देवनागरी '२५'सुद्धा ओळखते, आणि शब्द वा आज्ञा आल्यास नाकारते. पुढे आकडा शून्याहून मोठा व शक्य कोटीतला आहे ना, हे आपण पाहावे.

दुसरा रकाना तालुक्याचा. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात तालुके पाचच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. यादीत असेल तेच नाव घ्यावे. कोणी म्हणेल, यादी कशाला? सारी अक्षरेच आहेत ना, एवढे पाहिले की झाले! पण पायथॉनची 'इझअल्फा' ही परीक्षा लावली, तर पाचांपैकी एकटे 'वसमत' उत्तीर्ण होते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची गणना युनिकोडमध्ये अक्षरांत नसून जोडचिन्हांत होते. म्हणून खुद्द 'हिंगोली' नापास! बेफिकीर पहारेकरी चोराला आत सोडतो, तसा अडाणी पहारेकरी घरधन्यालाच दाराबाहेर उभा करतो.

तिसरा रकाना माणसाच्या नावाचा. नावांची यादी कोण करणार? रोमन लिपीत 'डिसोझा' लिहिताना 'डी'पुढे एक अवतरणचिन्ह येते. माहितीकोशाच्या भाषेत तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असते, आणि त्याच फटीतून लबाड माणूस आपली आज्ञा आत सरकवतो. मग ते चिन्ह खोडावे काय? तसे केले तर भल्या माणसाचे नाव बिघडते. उपाय निराळा आहे. आज्ञा आधी पुरी लिहावी, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे, आणि नाव स्वतंत्रपणे हवाली करावे. मग त्यात काहीही लिहिलेले असो, ते नावच राहते. त्याची आज्ञा होत नाही.

सारांश, मजकूर आणि आज्ञा यांची सरमिसळ होऊ देऊ नये. तपासणी कडक असावी, पण तपासणाऱ्याला आपल्या माणसांची नावे वाचता आली पाहिजेत.