पांढऱ्या धुराचे वजन

अमळनेरसारख्या शेतीप्रधान तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेडचे सांगाडे आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडणाऱ्या वेल्डिंगच्या छोट्या दुकानांत जीआय पाइपवर, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीवर, काम सुरू होताच जो दाट पांढरा धूर उठतो, तो मुख्यतः झिंक ऑक्साइडच्या कणांचा असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि वेल्डिंगची विद्युतज्योत त्याहून कितीतरी तप्त असते. त्यामुळे मुलाम्याची वाफ होऊन ती हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते व निवताना तिचे जे कण बनतात, त्यांतील असंख्य कण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

हे कण वायुकोशांपर्यंत, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळतो त्या सूक्ष्म पोकळ्यांपर्यंत, पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु पेशीतील आम्लयुक्त पिशवीत झिंक ऑक्साइड विरघळते, जस्ताचे आयन मोकळे होतात आणि त्यांच्या माऱ्याने त्रासलेली पेशी दाह निर्माण करणारे रासायनिक संदेश सोडते. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सारे ओसरते. या धातुधूम्र ज्वराला हिवताप समजण्याची गफलत सहज होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी अशा रुग्णाचा व्यवसाय विचारणे अत्यावश्यक आहे.

न विरघळणारे ऑक्साइड निराळ्या रीतीने वागतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, सारख्याच वजनाच्या टायटॅनियम डायऑक्साइडपैकी सुमारे २० नॅनोमीटरच्या कणांनी २५० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा अधिक दाह घडवला, कारण कणाचा व्यास दहापट घटला की तेवढ्याच वजनात कणांची संख्या हजारपट आणि एकूण पृष्ठभाग दहापट होतो. २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ मात्र झिंक ऑक्साइडच्या धुराची मर्यादा वजनातच, घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम अशी, सांगत असे. शिवाय दोन-तीन कामगारांच्या दुकानाला तो सहसा लागूच होत नसे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर मानवी कर्करोगकारक ठरवला असताना ही पोकळी गंभीर होती.

दूध प्याल्याने धूर धुऊन निघतो हा समज निराधार आहे, कारण दूध अन्ननलिकेत जाते, वायुकोशांत नव्हे. तोंडाला बांधलेला रुमालही हे कण नीट अडवत नाही. त्यापेक्षा जोडाजवळचा मुलामा वेल्डिंगपूर्वी काढून टाकणे, काम उघड्यावर वाऱ्याच्या बाजूला उभे राहून करणे आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरणे परिणामकारक ठरते. मुलामा ग्राइंडरने घासतानाही मास्क काढता कामा नये.