त्रुफो खालापुरात, ब्रेसाँ लॉ कॉलेज रस्त्यावर

मुळशीच्या घाटमाथ्याखाली रायगड जिल्हा, त्यात खालापूर तालुका, तालुक्यात हाळ नावाचं गाव. १९७७ साली या गावात फ्रान्सचा बडा दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो कॅमेऱ्यासमोर उभा होता. ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ने १९५९ साली फ्रेंच नवसिनेमाचा बार उडवून देणारा हाच तो. हाळला मात्र तो आला नट म्हणून! स्पीलबर्गच्या ‘क्लोज एनकाउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये तो शास्त्रज्ञ झालाय. हे सूर आले कुठून, असं विचारताच शेकडो माणसं एकदम आभाळाकडे बोट दाखवतात, तो प्रसंग इथला. पडद्यावर गावाचं नाव मात्र धरमशाला. आता बोला!

त्यातून १९५६ साली कान चित्रपट महोत्सवात ‘पथेर पांचाली’ चालू असताना हाच त्रुफो मधूनच उठून गेला होता म्हणे. खेडूत माणसं बघायचा कंटाळा आला! एकवीस वर्षांनी त्याच्या चहूबाजूंनी खेडूतच.

आता मुळशीहून पौड रस्त्याने पुण्यात शिरा, नळ स्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळा. जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेतली फिल्म इन्स्टिट्यूट इथेच. इथून शिकून कुमार शहानी पॅरिसला गेले आणि थेट रॉबेर ब्रेसाँचे साहाय्यक झाले. ब्रेसाँ म्हणजे नटांकडून अभिनय काढून घेणारा दिग्दर्शक. माणसाने नुसतं चालावं, बोलावं, भाव दाखवू नयेत. मणी कौल इथलेच, ब्रेसाँचे भक्त. त्यांच्या ‘उसकी रोटी’त बसड्रायव्हरची बायको त्याचं जेवण घेऊन रस्त्यावर उभी राहते. उभीच राहते. लोक म्हणाले, किती संथ! पौडला एसटीची वाट पाहिलेल्याने तरी असं म्हणू नये.

जवळच १९६४ सालचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ते उभं करणारे पी. के. नायर म्हणजे आपले आँरी लाँग्ल्वा. अमुक प्रसंग कितव्या रिळात, हे नायर तोंडपाठ सांगत. खुद्द लाँग्ल्वांना १९६८च्या फेब्रुवारीत सरकारने पॅरिसच्या ‘सिनेमातेक’मधून, म्हणजे त्यांनीच उभारलेल्या चित्रपट संग्रहालयातून, काढलं, त्रुफो, गोदार रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये लाँग्ल्वा परत खुर्चीत. पुण्यात २०१५ साली इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षाच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. पॅरिसकर जिंकले, पुणेकरांचं काही चाललं नाही.

पण त्या संपातल्या एका मुलीने, पायल कपाडियाने, त्याच धामधुमीतून ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ केला आणि २०२१ला कानमध्ये सर्वोत्तम माहितीपटाचं बक्षीस घेतलं. २०२४ला ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला तिथेच ग्रां प्री. चाळीतलं घर सुटल्यावर कोकणात गावी परतणारी बाई त्यात छाया कदमने केलीय. स्वतः छायाबाई कानला गेल्या त्या आईची साडी नेसून, नथ घालून!

या चित्रपटाला पैसा बराचसा फ्रान्सचा. ऑस्करला पाठवायच्या चित्रपटांच्या अंतिम यादीत फ्रान्सने तो घेतलाही होता. आपण पाठवला ‘लापता लेडीज’.