खांद्याला पेलणारी रायफल

शिकारीची पहिली रायफल घेताना घरातली जाणती मंडळी गोळीच्या ताकदीबद्दल बोलतात. विचार मात्र आधी धक्क्याचा व्हायला हवा. काडतुसातली दारू पेटली की गोळी आणि तिच्यामागचा वायू नळीतून पुढे सुटतात आणि तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. गोळी जड, तिचा वेग जास्त, दारू अधिक, की हा संवेग मोठा. खांद्यावर येणारी ऊर्जा मात्र रायफलीच्या वजनावरही ठरते. संवेग तोच ठेवून वजन दुप्पट केले, तर ऊर्जा निम्म्यावर येते. अमेरिकेत ती फूट-पौंडात मोजतात.

विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी बापाबरोबर किंवा मामाबरोबर दुकानात आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना काउंटरपलीकडून एक ठोकताळा ऐकवला जातो: 15. धक्का 15 फूट-पौंडांच्या आत असला तर बहुतेकांना तो तक्रारीविना सोसतो. 20 च्या पुढे मुरलेला शिकारीही काही बारांनंतर खांदा चोळू लागतो. हा काही निसर्गनियम नव्हे. कुंद्याचा आकार, उभे राहण्याची ढब, अंगावरचे जाड जाकीट यांनी तो इकडेतिकडे होतो. तरी नवख्यासाठी 15 ची रेघ मानलेली बरी.

कारण प्रश्न खांदा दुखण्याचा नाही, दचकण्याचा आहे. ही दचक उघडी पाडण्यासाठी रेंजवरचे प्रशिक्षक एक साधी युक्ती करतात. शिकणाऱ्याला दिसणार नाही अशा बेताने ते रायफल भरून देतात. कधी खरे काडतूस, कधी दारू नसलेले नकली. खऱ्या बारात काहीच कळत नाही, आवाज आणि उसळी सगळे झाकून टाकतात. नकली काडतुसावर चाप ओढला की नुसता ‘खट्’ असा आवाज होतो आणि नळीचे टोक सगळ्यांदेखत खाली जाते. डोळे गच्च मिटलेले असतात, खांदा पुढे रेटलेला असतो. न आलेला धक्का शरीराने आधीच खाल्लेला असतो. टोक दोन मिलिमीटर झुकले तरी 100 यार्डांवर गोळी जवळपास वीतभर खाली लागते, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांची जागा वीत-सव्वा वीतच असते. नेम चुकल्याची किंमत नेमबाज मोजत नाही. पोटात किंवा पायात गोळी घेऊन झाडीत शिरलेले जनावर मोजते. मोठ्या बोअरच्या फुशारक्या मारणाऱ्यांनी हा ‘खट्’ एकदा जवळून पाहावा.

काडतुसांच्या निवडीत पहिले नाव येते ते .243 विंचेस्टरचे. .308 विंचेस्टरच्या कवचाचे तोंड आवळून ते 1955 मध्ये बाजारात आले. 100 ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी आणि साडेसात पौंडांची रायफल धरली, तर धक्का 10 फूट-पौंडांच्या आसपास राहतो. त्याच्यावरचा आक्षेप असा की चुकीला जागा कमी. तो काही अंशी खरा आहे. याच काडतुसात 55-60 ग्रेनच्या गोळ्याही मिळतात, पण त्या कोयोटीसारख्या लहान प्राण्यांसाठी असतात आणि हरणाच्या खांद्यावर वरच्यावरच फुटू शकतात. त्यामुळे .243 हातात देताना गोळी कोणती, हेही सांगून द्यावे लागते.

थोडी अधिक ताकद हवी असेल तर 1980 चे 7 एमएम-08 रेमिंग्टन आणि 2007 चे 6.5 क्रीडमूर. दोन्हींत 140 ग्रेनच्या आसपासची गोळी, आणि आठ पौंडांच्या रायफलीत धक्का 13-14, म्हणजे 15 च्या आतच. 7 एमएम-08 ची कामगिरी जुन्या 7×57 माउझरच्या इतकी जवळ आहे की हे नवे काडतूस खरे तर जुन्याच शहाणपणाची पुनरावृत्ती म्हणावे. मराठी वाचकाला 7×57 दुसऱ्या नावाने ठाऊक असेल: .275 रिग्बी. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. लहान धक्क्याची बंदूक म्हणजे पोरासोरांची, हा समज मग कुठून येतो कोण जाणे. उलट .30-06 मध्ये 180 ग्रेनची गोळी घातली की आकडा 20 ओलांडतो आणि .300 विंचेस्टर मॅग्नम 25 च्याही पुढे जाते. दीडशे यार्डांवरच्या हरणासाठी यातले काही लागत नाही.

दुकानात खरी गफलत होते ती वजनाची. ‘यूथ’ किंवा ‘कॉम्पॅक्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या रायफली आखूड आणि हलक्या असतात. हातात घेतल्या की सुखद वाटतात. सहा पौंडांच्या अशा रायफलीत .243 चा 10 चा धक्का 13 च्या घरात जातो, तेवढे चालेल. पण त्याच हलक्या रायफलीत .308 घेतली, तर आकडा 20 च्या वर सरकतो. म्हणजे लहान चणीच्या मुलीसाठी म्हणून घेतलेली बंदूक बापाच्या आठ पौंडांच्या .308 पेक्षा जोरात लाथ मारते. रानात दिवसभर वागवायला पौंडभर वजन जास्त झाले, तरी नवख्याने ते पत्करावे.

कुंद्याची लांबी, म्हणजे चापापासून कुंद्याच्या टोकापर्यंतचे अंतर, सर्वसाधारण रायफलीत साडेतेरा इंच आणि आखूड कुंद्यात साडेबारा इंच असते. कोपर काटकोनात वाकवून कुंद्याचे टोक कोपराच्या खळगीत टेकवायचे आणि बोट चापावर सहज पोचते का ते पाहायचे. हा अंदाज नोव्हेंबरातले जाड जाकीट घालूनच घ्यावा. कुंदा लांब पडला तर तो खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो, आणि मग 10 चा धक्काही 20 चा वाटतो. मागे चकत्या घालून लांबी वाढवता येणारा कुंदा मिळाला तर वाढत्या अंगालाही तो पुरतो. दुर्बिणीपासून डोळा साडेतीन-चार इंच मागे हवा. मान पुढे ताणून नेम धरणाऱ्याच्या भुवईवर दुर्बिणीच्या कडेची चंद्रकोर उमटते.

जाड, मऊ रबरी पॅड हा सगळ्यात स्वस्त उपाय. नळीच्या टोकाला बसवायचा मझल ब्रेक धक्का बराच कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. साध्या रायफलीचा बारही 140 डेसिबलची धोक्याची पातळी ओलांडतो. कान झाकल्याशिवाय ब्रेक वापरू नये, आणि मचाणावर बसलेले किती जण कान झाकतात ही शंकाच आहे. दचक घालवण्यासाठी घेतलेली वस्तू आवाजाने नवी दचक लावते.

सराव .22 रिमफायरवर करावा, तिचा धक्का जाणवतही नाही. मोठ्या रायफलीचे बार एका बैठकीत मोजकेच. बेंचवर बसून बार काढताना शरीर मागे झुलत नाही, म्हणून तोच धक्का उभ्यापेक्षा जास्त लागतो; रायफल नावडती ठरवण्याआधी ती उभ्यानेही चालवून पाहावी.

परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घ्यायला अमेरिकेत वयाची 18 वर्षे पूर्ण लागतात, आणि 2022 च्या कायद्यानंतर 21 च्या आतल्यांची जादा पडताळणी होते. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रमही बंधनकारक आहे. त्यानंतर उरते ते नेम जुळवणे: हंगामात वापरायची तीच काडतुसे, 100 यार्डांचे लक्ष्य, आणि अधूनमधून एक नकली काडतूस.