दुःखाला सोबत करणारी गाणी

घरातील वडीलधारी मंडळी जुने उदास गाणे ऐकू लागली की, ‘हे कशाला? काहीतरी आनंदी लावा,’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यामागे काळजीच असते. तथापि दुःखी गाण्याने मन खचतेच असे नाही. अमेरिकेतील जुने ‘कंट्री’ संगीत याची साक्ष देते.

ब्रिटन आणि आयर्लंडमधून अ‍ॅपलेशियन डोंगरभागात येऊन वसलेल्या लोकांनी आपली कथागीते सोबत आणली होती. कंट्री संगीताची मुळे त्या गीतांत आहेत, तशीच कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातही आहेत. विरह, व्यसन, रिकामे घर, जिवलगाचा मृत्यू हे त्याचे नेहमीचे विषय. शब्द साधे, बोलण्यातले; आणि गाण्यात बहुधा एक गोष्ट.

जॉर्ज जोन्स यांचे १९८० मधील ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गाणे पाहा. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असे सांगणारा एक माणूस. ती सोडून गेल्यावरही तो तिची पत्रे जपून ठेवतो. त्याचे प्रेम थांबते, ते त्याच्या मृत्यूच्या दिवशीच. गाणे फारच उदास आहे, असे आरंभी खुद्द जोन्स यांनाही वाटले होते. श्रोत्यांनी मात्र ते डोक्यावर घेतले.

असे का व्हावे? आपल्या दुःखाला आकार नसतो. ते कोठे संपेल हे कळत नाही. गोष्टीला मात्र आरंभ असतो आणि शेवटही. तीन-चार मिनिटे परक्याच्या दुःखासाठी रडताना आपलेही थोडे वाहून जाते. आपल्या काव्यशास्त्राने करुणाला रस मानले, ते यासाठीच.

ग्लेन कॅम्बेल यांची कथा शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष जवळची वाटेल. २०११ मध्ये त्यांना अल्झायमर झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतरही मुलांच्या साथीने त्यांनी निरोपाचे कार्यक्रम केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या गाण्यांपैकी एकात ते पत्नीला सांगतात, की मला तुझी उणीव भासणार नाही. वरवर कठोर वाटणाऱ्या या उद्गारात केवढी व्यथा आहे! विसरणारा विसरून जाईल. आठवणींचे ओझे मागे राहणाऱ्याने वाहायचे. २०१७ मध्ये कॅम्बेल यांचे निधन झाले.

म्हणून आजी-आजोबांनी उदास गाणे लावले तर ते लगेच बंद करू नये. शक्य असल्यास शेजारी बसावे, ‘हे गाणे प्रथम कोठे ऐकले होते?’ असे विचारावे. तारुण्यात ऐकलेली गाणी दीर्घकाळ स्मरणात राहतात आणि त्यांच्याबरोबर माणसे व प्रसंगही परत येतात. डोळे पाणावले तर पाणावू द्यावेत. आपण स्वतः कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर असे रडणे आपल्यालाही वर्ज्य नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. गाणे संपल्यावरही अस्वस्थता वाढतच असेल, तर ते गाणे बाजूला ठेवावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप वा भूक मंदावली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर एक दिवसही थांबू नये.