लाचेचा पैसा आणि कोर्टाचा बंद दरवाजा

एक वृद्ध जोडपे माझ्या ऑफिसात आले. मुलाला सरकारी खात्यात शिपाई म्हणून लावतो, असे सांगून दलालाने पैसे घेतले. त्यापायी दोन एकर शेत विकले. नोकरी नाही, पैसाही नाही. म्हातारा म्हणाला, "वकीलसाहेब, आमच्याकडं स्टँपपेपर हाय. दावा लावा." कागदावर लिहिले होते, 'नोकरीच्या कामासाठी रक्कम मिळाली'. ज्या कागदावर त्यांची सारी आशा, तोच त्यांच्या विरोधातला पुरावा!

करार कायदा १८७२ चे कलम २३ म्हणते, बेकायदेशीर हेतूचा करार रद्दबातल असतो. कलमाखालच्या उदाहरणांत पैसे घेऊन सरकारी नोकरी मिळवून देण्याचा करारच दिला आहे. करार रद्दबातल असल्याचे मागाहून कळले तर कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. परंतु बेकायदेशीरपणा दोघांना पहिल्यापासून ठाऊक असेल तर हे कलम मदतीला येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९७४ साली कुजू कोलियरीज प्रकरणात सांगितले. दोघे सारखेच दोषी, म्हणून कोर्ट कुणालाच हात देत नाही. पैसा मात्र दलालाच्या खिशात राहतो.

कोर्टाने लाचेची वसुली करून देऊ नये, हे मान्य. पण शेत विकणारा बाप आणि त्याची गरज हेरणारा दलाल 'सारखेच दोषी' कसे? सीताराम विरुद्ध राधाबाई या १९६८ च्या निकालात अपवाद आहेत : बेकायदेशीर हेतू तडीस गेला नसेल किंवा दावा करणारा समोरच्याइतका दोषी नसेल, तर पैसे मागता येतात. त्याच आधारे मी दावा लावणार आहे. खात्री मात्र देऊ शकलो नाही.

बांधवांनो, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलीस वा तपास यंत्रणेला कळवले तरच संरक्षण आहे. म्हणून मागणी होताच, पैसे देण्याआधी, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर तक्रार करा.

बाबासाहेबांनी संविधानाच्या कलम १६ मधून नोकरीतली समान संधी हक्क म्हणून मिळवून दिली आणि राखीव जागांची तरतूद करून ठेवली. जो हक्क आपलाच आहे, तो दलालाकडून विकत घ्यायला शेत का विकायचे?